आईची झोपेची गोळी: चालू ठेवावी की बंद करावी?

रेशीमबागेतली

नमस्कार मंडळी. सल्ला हवा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आई ६८ वर्षांची. बाबा गेले तेव्हा तिला झोप येईना, छातीत धडधड व्हायची. आमच्या तेव्हाच्या डॉक्टरांनी क्लोनाझेपाम ०.५, रात्री एक, अशी पंधरा दिवसांची चिठ्ठी दिली. डॉक्टरांनी दवाखाना कधीच बंद केला. चिठ्ठीच्या घड्या फाटून तिला सेलोटेप लागला. गोळी मात्र अजून चालू आहे. कोपऱ्यावरचा मेडिकलवाला घरचाच झालाय, "काकूंची गोळी" म्हटलं की पत्ता काढून देतो.

मागे रात्री बाथरूमला जाताना आई पडली. हाड वाचलं, मुका मार बसला. पुण्याहून भाऊ आला, त्याने नेटवर काहीबाही वाचलं आणि सगळे पत्ते डब्यात टाकून दिले. पहिल्या रात्री आईचा डोळा लागला नाही. मग हात थरथरायला लागले, कूलरसमोर बसून घाम, आणि काल म्हणाली भिंतीवर मुंग्यांची रांग आहे. भिंत कोरी होती. मी घाबरून एक गोळी आणून दिली तेव्हा शांत झोपली.

आता भाऊ म्हणतो, तूच तिला व्यसन लावतेस. आई म्हणते, व्यसन दारुड्यांना असतं, मी डॉक्टरची गोळी घेते. दोघंही माझ्यावरच रागावलेत. कोणाचं बरोबर?

निशाचर_डॉक्टर

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. आधी तातडीचं: गोळी अशी एकदम बंद करू नका. थरथर, घाम, नसलेल्या मुंग्या दिसणं ही गोळी अचानक तोडल्याची लक्षणं आहेत. याच्या पुढची पायरी म्हणजे फिट. रोज जी मात्रा होती तीच सध्या चालू ठेवा आणि एक-दोन दिवसांत मानसोपचार ओपीडीत दाखवा. नागपुरातलं मेडिकल कॉलेज (आपलं "मेडिकल"), मेयो, मिहानमधलं एम्स, कुठल्याही सरकारी रुग्णालयात चालेल. मधल्या काळात फिट आली किंवा आई असंबद्ध बोलायला लागली तर ओपीडीची वाट न बघता थेट कॅज्युअल्टी.

आता भांडणाचं. क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम, लोराझेपाम, डायझेपाम ही सगळी बेंझोडायझेपिन कुळातली. मेंदूत गाबा नावाचं एक रसायन आहे, ते पेशींना शांत करतं. या गोळ्या त्याचा परिणाम वाढवतात. काही आठवडे रोज घेतल्या की मेंदू स्वतःची शांत होण्याची क्षमता आखडती घेतो. खानावळीचा डबा लागला की घरची चूल पेटवायची सवय मोडते, तसं. डबा एका दिवसात बंद केला तर उपास घडणारच.

आईंनी मात्रा वाढवली नाही, लपवून घेतली नाही, दोन-दोन डॉक्टरांकडून चिठ्ठ्या आणल्या नाहीत. त्यामुळे भाऊ म्हणतात ते व्यसन हे नव्हे. पण शरीर गोळीवर अवलंबून आहे, म्हणजे डॉक्टरची गोळी आहे म्हणून काही होत नाही, हे आईंचंही खरं नाही. झोपेसाठी या गोळ्या दोन ते चार आठवड्यांपुरत्याच द्यायच्या असतात. पंधरा दिवसांची चिठ्ठी बरोबरच होती. पुढे तिला कोणी मालक उरला नाही, गडबड तिथे झाली.

आणि "०.५ म्हणजे कितीशी" असं समजू नका. क्लोनाझेपाम ०.५ मिलिग्रॅम म्हणजे साधारण डायझेपाम १० मिलिग्रॅम.

सडेतोड

डॉक्टरसाहेब, तुमचेच लोक खिरापत वाटावी तशा या गोळ्या वाटतात, मग आम्ही नेटवर वाचलं की आम्हीच मूर्ख. माझ्या सासऱ्यांना कंबरदुखीसाठी दिली, शेजारणीला पाळी जाताना दिली, भाच्याला बारावीच्या परीक्षेच्या आधी दिली. पाच मिनिटांची ओपीडी, तीन मिनिटं बीपी बघण्यात. झोप येत नाही म्हटलं की पेन चाललंच. माझं स्पष्ट मत: या गोळ्यांवर सरसकट बंदी घाला. फिरायला जा, अंबाझरीला चक्कर मारा, रात्री दूध-हळद घ्या, झोप येते.

झुळूक

सडेतोड, जरा थांबा. माझ्या मुलीला एपिलेप्सी आहे. ती रोज क्लोबाझाम घेते, तेही याच कुळातलं. त्याच्यामुळे ती शाळेत जाते, डबा खाते, भांडते. माझ्या पर्समध्ये मिडाझोलामचा नाकात मारायचा स्प्रे कायम असतो, कारण फिट पाच मिनिटांच्या वर गेली तर वाट बघत बसायचं नसतं. तो स्प्रे मी एकदा सीताबर्डीच्या गर्दीत, फूटपाथवर बसून वापरलाय. लोक कांदा हुंगवा, चप्पल हुंगवा म्हणत होते.

तुमची सरसकट बंदी आली तर आमच्यासारख्यांनी काय दूध-हळद द्यायची?

सडेतोड

@झुळूक, तुमच्या मुलीच्या औषधाबद्दल मी बोलत नव्हतो. बंदीचं मागे घेतो. खिरापतीचं मागे घेत नाही.

निशाचर_डॉक्टर

खिरापतीचं मागे घेऊही नका, त्यात तथ्य आहे. शंभर पेशंटच्या ओपीडीत झोपेबद्दल वीस मिनिटं बोलण्यापेक्षा गोळी लिहिणं सोपं पडतं. आमच्या धंद्यातली ही खोड जुनी आहे.

पण उपयोगांची यादी खोटी नाही. ऑपरेशनच्या आधी, पॅनिकचा झटका पहिल्यांदा आटोक्यात आणताना, लागोपाठ येणाऱ्या फिट थांबवताना, दारू सोडवताना यांच्याइतकं हुकमी काही नाही. कॅटाटोनिया म्हणून एक अवस्था असते, माणूस पुतळ्यासारखा बसतो, बोलत नाही, खात नाही. लोराझेपामच्या इंजेक्शननंतर असा माणूस पाणी मागताना मी पाहिलाय.

सिस्टर_नाइट

दारूचं मी सांगते, वॉर्डात हेच बघते. माणूस वर्षानुवर्षं रोज पिणारा. आषाढीला माळ घातली, त्या दिवसापासून थेंब नाही. घरचे खूश. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथर, कपडे ओढतो, कोपऱ्यात कोणी उभं आहे म्हणतो. मग घरचे म्हणतात बाहेरचं लागलं, आणि आधी भगताकडे नेतात. आमच्याकडे येईपर्यंत एखादी फिट येऊन गेलेली असते.

अशा पेशंटला क्लोरडायझेपॉक्साइड (तेही याच कुळातलं) देतात, लिव्हर खराब असेल तर लोराझेपाम, सोबत थायमिनची, म्हणजे बी-वन जीवनसत्त्वाची इंजेक्शनं. मात्रा रोज थोडी कमी करत बहुधा आठवडा-दहा दिवसांत बंद. डिस्चार्ज कार्डावर तसं लिहिलेलं असतं. पण काही जण त्याच कार्डावर पुढेही गोळ्या आणत राहतात, आणि दारू पुन्हा सुरू झाली की दोन्ही सोबत. दारूही श्वास मंद करते, गोळीही करते. झोपेत घोरणं थांबलं म्हणून बायको निवांत झाली, आणि तो श्वासच थांबत आलेला, असे पेशंट आलेत. ट्रामाडोलची दुखण्यावरची गोळी किंवा कोडीनचं खोकल्याचं औषध सोबत असेल तर तोच धोका.

दुकानदार_गांधीबाग

औषधाच्या दुकानाचा विषय निघाला म्हणून लिहितो. माझं दुकान आहे.

१ मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-वन, म्हणजे जास्त कडक नियमांच्या औषधांची यादी, लागू आहे. अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम त्यात येतात. विकलं की वेगळ्या रजिस्टरमध्ये डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध, किती दिलं हे लिहायचं आणि रजिस्टर तीन वर्षं ठेवायचं. पत्त्यावर लाल चौकट छापलेली असते. शिवाय ही औषधं एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात आहेत. एका चिठ्ठीवर एकदाच माल. पुन्हा द्यायचा तर डॉक्टरने तसं लिहिलेलं पाहिजे.

हे झालं कागदावरचं. काउंटरवर काय होतं? "भाऊ, ओळखत नाही का मले?" व्हॉट्सअॅपवर मागच्या वर्षीच्या चिठ्ठीचा फोटो. नाही म्हटलं तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं आणि महिन्याचं बीपी-शुगरचं बिलही तिकडेच घेऊन जातं. मी नाही म्हणतो, पण नाही म्हणताना दर वेळी पोटात गोळा येतो, खोटं कशाला बोलू.

आता कामाची गोष्ट. पत्ता उलटा करून मागचं बारीक अक्षर वाचत जा. पोटाच्या मुरड्यासाठी, गॅससाठी म्हणून एक गोळी खूप चालते, तिच्यात क्लिडिनियम, डायसायक्लोमिन आणि क्लोरडायझेपॉक्साइड असतं. धडधडीसाठी प्रोप्रॅनोलॉलसोबत क्लोनाझेपाम किंवा अल्प्राझोलाम. डिप्रेशनच्या एस्सिटालोप्रामच्या गोळीच्या नावापुढे "प्लस" असलं तर बहुतेक वेळा क्लोनाझेपाम आत आहे. गिऱ्हाईक शपथेवर सांगतं की मी झोपेची गोळी कधी घेतली नाही.

पित्तप्रकृती

आत्ता उठून पत्ता बघितला. क्लोरडायझेपॉक्साइड ५ मिलिग्रॅम. जेवणाआधी दोन वेळा घेतो. डोहाळजेवण असो की तेरावं, सावजीचा बेत असला की एक जास्त. गावी गेलो आणि गोळ्या विसरलो की चिडचिड होते, झोप उडते. मी त्याचा दोष सासुरवाडीला देत होतो!

डॉक्टर, उद्यापासून बंद करू का?

निशाचर_डॉक्टर

नाही हो, हेच तर वरपासून सांगतोय. ज्यांनी लिहून दिली त्यांना विचारून हळूहळू. आणि तोपर्यंत सावजीसाठी जास्तीची नको.

तिसरी_पाळी

मी कोराडीले राहतो, प्लांटमध्ये शिफ्ट ड्यूटी हाय. नाइट करून आलो की दिवसा झोप येत नव्हती. वरून ४५ डिग्री, पत्र्याचं छप्पर. एकानं झोल्पिडेम १० लिहून देली. पहिले तर मस्त वाटलं बाप्पा, दिवा विझवल्यासारखी झोप.

मंग सुट्टीच्या एका रात्री घेतली. सकाळी बायको म्हणे, रात्री उठून तुम्ही चहा मांडला. मी म्हटलं काहून खोटं बोलून राहिली? तिनं मोबाइलवरची शूटिंग दाखवली. मीच होतो ना जी! डोळे उघडे, गॅस भुरभुर सुरू, वर खाली पातेलं, पाण्याचा थेंब नाही. ती हाका मारून राहिली, मी "हाव, हाव" करून राहिलो. मले आजही त्यातलं काहीच आठवत नाही. बाहेर मोटरसायकल उभी असते, चावी खिळ्याले. तेवढं आठवलं की अंगावर काटा येते.

निशाचर_डॉक्टर

झोल्पिडेम बेंझोडायझेपिन नाही, पण काम त्याच जागी करतं. तुमचा प्रकार माहीत असलेला आहे. झोपेत चालणं, स्वयंपाक करणं, गाडी चालवणं, आणि सकाळी कोरी पाटी. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रण खात्याने, २०१९ मध्ये यासाठी सगळ्यात कडक स्वरूपाचा इशारा वेष्टनावर छापायला लावला. एकदा जरी असं घडलं तरी ती गोळी पुन्हा घ्यायची नसते. डॉक्टरांना आजच सांगा. त्याआधी २०१३ मध्ये बायकांसाठीची सुरुवातीची मात्रा १० वरून ५ वर आणली होती, कारण सकाळपर्यंत त्यांच्या रक्तात औषध जास्त उरतं.

चिकित्सक_काका

अवांतर: आमच्या तरुणपणी घराघरात काम्पोज, म्हणजे डायझेपामची गोळी, असायची. त्याआधीच्या पिढीत बार्बिच्युरेट. त्यांच्यात झोपेची मात्रा आणि मरणाची मात्रा यांत फार अंतर नसे. १९६० मध्ये रोश कंपनीने लिब्रियम (क्लोरडायझेपॉक्साइड) आणलं, १९६३ मध्ये व्हॅलियम (डायझेपाम), दोन्ही लिओ स्टर्नबाख या रसायनशास्त्रज्ञाच्या कामातून. बार्बिच्युरेटच्या मानाने ही खरोखरच सुरक्षित होती, म्हणूनच सगळे बेसावध राहिले. २०२० मध्ये एफडीएने या संपूर्ण कुळावर व्यसन आणि अवलंबित्वाचा ठळक इशारा छापायला सांगितला. साठ वर्षं लागली.

राजुऱ्याचा

माझं गाव तेलंगणाच्या सीमेला लागून. तिकडच्या ताडीत अल्प्राझोलाम, डायझेपाम, क्लोरल हायड्रेट मिसळायचा धंदा जुना आहे. ताडी पातळ करायची आणि नशा पावडरीने भरून काढायची. २०१५ मध्ये तिकडे भेसळीवर धाडी पडल्या, माल थांबला, आणि निजामाबाद-महबूबनगरकडच्या दवाखान्यांत रोज ताडी पिणाऱ्यांची रांग लागली. कोणी बडबडतंय, कोणाला फिट, काही जण दगावले. त्यांनी आयुष्यात मेडिकलची पायरी चढली नव्हती. आपण गोळी खातोय हेच ठाऊक नाही, तर सोडताना हळूहळू सोडणार कशी?

पेपरात "कुत्ता गोळी", "बटन" म्हणून येतं ते बहुतेक वेळा हेच अल्प्राझोलाम-नायट्राझेपाम. पोरं कोल्ड्रिंकसोबत घेतात. त्यावर वेगळा धागा काढा कोणीतरी.

रेशीमबागेतली

सगळ्यांचे आभार. आईला ओपीडीत दाखवून आणलं. भावाने आधी "आईला पागलखाना चौकात नेणार का" म्हणून घर डोक्यावर घेतलं. मेडिकलला नेलं. रांग लांब, पण डॉक्टर मुलगी निवांत बोलली.

तिने आधी आईच्या सगळ्या गोळ्या टेबलावर ओतायला लावल्या. बीपीची गोळी लघवी वाढवणारी निघाली आणि आई ती रात्री घेत होती. ती सकाळी केली. रात्रीच्या बाथरूमच्या फेऱ्या तेवढ्याने कमी झाल्या!

मग विचारलं, आजी झोपता कधी? आई म्हणाली, मालिका संपली की नऊला आडवी होते, पण साडेतीनला टक्क जाग, मग सहापर्यंत कूस बदलत पडून राहते, झोप म्हणून नाही. डॉक्टर म्हणाली, साडेसहा तास तर झाले. या वयाला तेवढी पुरते. तिने सांगितलंय, अकराच्या आत गादीवर जायचं नाही, सकाळी साडेपाचला उठायचंच, दुपारी लोळणं बंद, आणि गादीवर झोप आली नाही तर उठून खुर्चीत बसायचं. आई भयंकर नाराज आहे. "नऊ ते अकरा करू काय, वाती वळू?" सध्या खरंच वाती वळते आहे.

गोळीचं असं ठरलं: आधी महिनाभर ०.२५ ची दीड गोळी, मग बघून पुढे. हे फक्त आईसाठी आहे, कृपया कोणी उचलू नका. भावाला मी निशाचर डॉक्टरांचा प्रतिसाद वाचायला दिला. तो काही बोलला नाही, पण बाथरूमच्या वाटेवर रात्रीचा दिवा लावून गेला.

निशाचर_डॉक्टर

छान. तुमच्या डॉक्टरने सांगितलं तो झोपेचा वर्तनोपचार. जुनाट निद्रानाशात पहिला उपचार हाच, गोळी नंतर. पहिले काही आठवडे झोप उलट कमी वाटते, तेव्हा बहुतेक लोक सोडून देतात. आईंना हे आधीच सांगून ठेवा.

कमी करण्याबद्दल: सध्याचा सल्ला दर दोन ते चार आठवड्यांनी ५ ते १० टक्के असा आहे, आणि कितीही घाई असली तरी दोन आठवड्यांत २५ टक्क्यांच्या वर नाही. तुमचा पहिला टप्पा पावपट आहे, म्हणजे मोठा. थरथर, घाम, जीव घाबरणं परत आलं तर महिना संपायची वाट बघू नका, डॉक्टरांना कळवा. त्या मधल्या टप्प्यावर थांबवतील. कधीकधी वर्षसुद्धा लागतं आणि त्यात काही बिघडत नाही. साठीच्या पुढे या गोळ्यांनी तोल जातो, विसरायला होतं, घरचे समजतात स्मृतिभ्रंश सुरू झाला. कमी झाल्यावर आई जरा तरतरीत वाटल्या तर आश्चर्य मानू नका.

रात्रीबेरात्री कोणी बोलायला हवं असेल तर टेली-मानस, १४४१६. मोफत आहे, मराठीतही बोलतात.

सडेतोड

लघवीची गोळी रात्री आणि झोपेची गोळीही रात्री. म्हणजे एका गोळीने उठवायचं आणि दुसरीने पाडायचं. यावर कोणी काही बोलेल का?

सिस्टर_नाइट

बोलणार काय, वॉर्डात खुब्याचं ऑपरेशन झालेल्या आज्यांच्या पिशव्या उघडल्या की हेच निघतं.

रेशीमबागेतली

एक प्रश्न राहिला. ०.२५ ची अर्धी करताना सुरीने भुगाच होतोय. काल एक तुकडा ओट्याखाली गेला, आई म्हणाली जाऊ दे, मुंग्यांना झोप लागेल. आणि आमच्या कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याने ०.२५ नाही म्हणून ०.५ चाच पत्ता काढला होता. काय करू?

दुकानदार_गांधीबाग

गोळी कापायची छोटी डबी मिळते, आत पातं असतं, ती घ्या. जिभेवर विरघळणारी गोळी असेल तर ती कापायच्या भानगडीत पडू नका, हात लावताच चुरा होतो. साधी गोळी मागा. कापलेला अर्धा तुकडा दुसऱ्या रात्रीच वापरून टाका. आठवड्याचे तुकडे एकदम करून ठेवू नका, आपल्याकडे पावसाळ्यात ओल धरतात.

०.२५, ०.५, १ आणि २ असे चारही पत्ते येतात, आणि एकाच कंपनीचे दिसायला सारखे असतात. घरी नेल्यावर चष्मा लावून मिलिग्रॅम वाचायचं, नावावर जायचं नाही. जुने ०.५ चे उरलेले पत्ते आईंच्या डब्यातून काढून वेगळे ठेवा, नाहीतर सवयीने हात तिकडेच जाईल.

०.२५ सगळे ठेवत नाहीत. आदल्या दिवशी फोन करून विचारा, मागवून देतात. आणि येताना नवी चिठ्ठी मूळ आणा, फोटो नको. सेलोटेपवाली तर नकोच.